बसायची चोरी

मरियमबींना त्या घरात कशाची म्हणून कमी नव्हती. फक्त स्वस्थ बसायची चोरी होती.

आता हे सांगायचं तरी कुणाला? ऐकणारा हसेलच. दुबईच्या अल बर्शातला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर थंडगार हवा, सून बोलायला गोड, नात दादी-दादी करत मागे फिरणारी, मुलगा अक्रम इंजिनिअर. अशा घरात सासूने बसावं, खावं, तसबीहची माळ ओढावी आणि उरलेल्या वेळात सुनेच्या चुका काढाव्यात. पण मरियमबींनी सोफ्याला पाठ टेकली आणि डोळे जरा जड झाले, की फोन वाजलाच म्हणून समजा.

"अम्मी, ठीक आहेस ना?"

"ठीक आहे रे. मला काय धाड भरलीय?"

"सिग्नल गेला तुझा. बराच वेळ हललीच नाहीस."

"बसले होते."

"हां, मग जरा चक्कर मार ना. हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून हॉल. यल्ला, चल अम्मी, मी मीटिंगमध्ये आहे."

की मरियमबी उठायच्या. हॉलमधून बेडरूम. बेडरूममधून हॉल. खिडकीशी पोचल्या की खाली रस्त्यालगतच्या पुलावरून मेट्रो सुळकन जाताना दिसायची. तीसुद्धा स्टेशन आलं की थांबते, हे बघून त्यांना तिचा हेवा वाटायचा.

सगळा दोष उजव्या मनगटावरच्या पट्टीचा. दिसायला बिचारी गरीब, राखाडी कापडाची, बांगड्यांच्या मागे बसणारी. अक्रमच्या कंपनीत असल्याच पट्ट्या बनवायचे. कसलंसं द्रावण बारीक सुईतून सोडायचं, त्याला विजेचा जबरदस्त दाब द्यायचा, की त्यातून केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक धागे उडत जातात आणि त्यांचा पातळ थर जमतो. तो थर वाकला, दबला, ताणला की त्यात किंचितशी वीज तयार होते. त्या विजेवर पट्टीतलं एवढंसं यंत्र चालतं, नाडी बघतं, पावलं मोजतं आणि अक्रमच्या फोनला चहाड्या करतं.

"बॅटरी नाही, चार्जिंग नाही," पहिल्या दिवशी पट्टी बांधताना अक्रम म्हणाला होता. "अम्मी, तूच बॅटरी!"

"म्हणजे शेवयाच की या तुझ्या," मरियमबी म्हणाल्या होत्या. अक्रमला ते इतकं आवडलं की त्याने ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

पण शेवया बऱ्या. त्या खाणाऱ्याच्या मागे लागत नाहीत. पट्टीची गोष्ट वेगळी होती. माणूस हलला तर वीज, माणूस बसला की थोड्या वेळाने साठवलेली वीज संपायची आणि पट्टी मुकी व्हायची. ती मुकी झाली की तिकडे अक्रमचा फोन बोंब मारायचा. पट्टीच्या लेखी बसलेली बाई आणि मेलेली बाई यांत काही फरकच नव्हता.

मग काढून फेकावी ना ती पट्टी! मरियमबींना हे सुचलं नसेल असं समजू नका. पण त्या पट्टीवर त्यांचं घरी जाणं अडलेलं होतं.

घर म्हणजे श्रीवर्धनजवळचं जांभ्याचं चार खोल्यांचं घर, मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीत विहीर. लियाकत, त्यांचे यजमान, गेल्या साली त्याच वाडीत सुपारी गोळा करताना पडले आणि उठलेच नाहीत. मरियमबी त्या दिवशी भाचीच्या लग्नाला मुरुडला गेल्या होत्या. शेजारची नर्मदा दिवेलागणीला दूध द्यायला आली, तिने पाहिलं. अक्रम मिळेल त्या विमानाने धावला. पुढे मरियमबींची इद्दत, म्हणजे विधवेने घरातच काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर तो परत गावी आला, आईला म्हणाला, थोडे दिवस चल, आणि घराला कुलूप घालून किल्ली नर्मदाकडे दिली.

हे 'थोडे दिवस' मोठे लबाड निघाले. आधी थंडीपर्यंत होते, मग रमजानपर्यंत, मग नातीच्या, माहनूरच्या, सुट्टीपर्यंत. प्रत्येक वेळी मरियमबी विचारायच्या आणि प्रत्येक वेळी अक्रम म्हणायचा, "इन्शाल्ला अम्मी, बघू." एकदा त्या भडकल्याच. "अल्लाचं नाव असं टाळाटाळीला घेऊ नकोस. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

तेव्हा अक्रमने ही अट घातली होती. "तू एकटी राहणार म्हणतेस. मला कसं कळणार तुला झेपेल की नाही? ही पट्टी घाल. तू नीट चालतेस-फिरतेस असं मला दिसू दे. रिपोर्ट चांगला आला की मी स्वतः तिकीट काढतो. प्रॉमिस."

एवढंच ना! मरियमबींनी हात पुढे केला होता.

पण एक गोष्ट त्यांनी घरात कुणाला कळू दिली नव्हती. त्यांचा डावा गुडघा साफ कामातून गेला होता. चार फेऱ्या मारल्या की आतून कुणी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं आणि ओठ दाबून धरावे लागायचे. अक्रम घरी असला की त्या ठेच लागल्याचं निमित्त करून भिंतीला हात लावायच्या. माहनूर तेवढी चलाख. एके दिवशी गळ्यात पडून म्हणाली, "दादी, डझ युवर नी हर्ट?" तेवढं इंग्रजी मरियमबींना कळत होतं. त्यांनी तिच्या तोंडात खजूर कोंबला आणि विषय संपवला.

पहिले रिपोर्ट अर्थातच पडेल आले. "अम्मी, तू तर काहीच चालत नाहीस," अक्रम काळजीने म्हणाला. मरियमबींचा जीव कासावीस झाला. बसलं तर फोन, चाललं तर गुडघा, आणि या दोघांच्या मधे कुठे तरी त्यांची पडवी, जिच्या पायरीवर पाय सोडून संध्याकाळभर नुसतं बसता यायचं आणि कुणी विचारायचं नाही की का बसलीस.

सुटका झाली ती नारळामुळे. खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, मल्याळ्याकडे ओट्याला स्क्रूने बसवायची, दांडा गरगर फिरवायची खवणी मिळायची. शहनाझने, म्हणजे सुनेने, ती हौसेने आणली होती, पण क्लिनिकमधली रिसेप्शनची नोकरी करून नारळ खवायला तिला कुठला वेळ? ती खवणी मरियमबींनी एक दिवस धुऊन-पुसून ओट्याला बसवली, उंच स्टूल ओढलं आणि बसून नारळ खवला. मग हाताशी होता म्हणून दुसराही खवला. गुडघ्याला काही काम नाही, मनगट मात्र गोल गोल फिरतंय.

संध्याकाळी अक्रम दारातूनच ओरडला, "अम्मी! आज काय मरीनापर्यंत जाऊन आलीस की काय? काय चाललीयस तू!"

मरियमबी काही बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी त्याच्या आनंदाने फुललेल्या चेहऱ्याकडे बघितलं, ओट्यावरच्या खवणीकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. खोटं त्या बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर त्या घरात नारळाचा नुसता सुकाळ झाला. सांदणं झाली, कालवणं नारळाच्या रसातली झाली, पुलाव झाला, वड्या झाल्या, आणि तरी उरलेला कीस पिशव्या भरभरून फ्रीझरमध्ये गेला. बकाल्यातला मल्याळी फोन उचलताच "कोकोनट, मम्मी?" एवढंच विचारायचा. अक्रमच्या शर्टाची बटणं पोटावर ओढायला लागली. तो बोटं चाटून जेवायचा, मग फोन उघडून आकडे बघायचा आणि म्हणायचा, "अम्मी, तू कमाल आहेस." इतका शिकलेला मुलगा, रोज ताटात पुरावा घेऊन बसत होता, पण त्याला त्या आकड्यांचा नि समोरच्या कालवणाचा काही संबंध असेल अशी शंकाही आली नाही. आईच्या हातचं जेवताना कुणाला येते?

शहनाझला आली असावी. फ्रीझरमध्ये माहनूरच्या आइस्क्रीमला जागा उरली नाही तेव्हा तिने दार उघडून बराच वेळ आत पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

"अम्मी, एवढं खोबरं कशाला?"

"असू दे. मी गेल्यावर तुम्हाला उपयोगी पडेल."

 शहनाझचीही आई मंडणगडला एकटीच होती. तिने आइस्क्रीमचा डबा खालच्या खणात कोंबला.

मरियमबींनी हळूहळू बॅग भरायला घेतली. नर्मदाच्या नातीला फ्रॉक, नर्मदाला केशर. वाडीतल्या शिंपण्याचं काय करायचं, कौलं कुणाकडून चाळून घ्यायची, सगळं मनात ठरलं. मनगट सुजायला लागलं होतं. रात्री, अक्रम घरातच असायचा तेव्हा, पट्टी काढली की तिथे लाल वळ दिसायचा. त्याला त्या तेल चोळायच्या आणि सकाळी परत पट्टी चढवायच्या.

तो शुक्रवार उजाडला. अक्रमने आधीच सांगून ठेवलं होतं की आज अम्मीचा पूर्ण रिपोर्ट दाखवणार, आणि गुड न्यूज पण आहे. मरियमबींनी सुरमईचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. जुम्म्याची नमाज पढून अक्रम घरी आला, जेवला, हात पुसले आणि मोबाइल टीव्हीला जोडला. पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली. डावीकडे जमिनीला टेकलेली, मग चढत चढत उजवीकडे पार वर गेलेली.

"ही अम्मी आली तेव्हा," त्याने डावीकडे बोट लावलं. "आणि ही आत्ता. आमच्या ट्रायलमध्ये एवढी सीनियर माणसं आहेत, अम्मीच्या जवळपास कुणी नाही. ऑफिसातले उझैरभाई तर म्हणाले, तुझ्या आईला काय खायला घालतोस?"

"माशाल्ला," मरियमबी म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "मग आता?"

"मग आता काय? बघ ना तूच! आलीस तेव्हा धड उठत नव्हतीस. आता बघ. तुला दुबई मानवली, अम्मी! इथली हवा, इथलं खाणं, आम्ही सगळे. आता मी तुला तिकडे एकटीला पाठवलं आणि ही रेघ परत खाली आली, तर मी स्वतःला माफ करू शकेन का? म्हणून मी डिसाइड केलं. तुझा रेसिडन्स व्हिसा अप्लाय करतोय. खलास. आता दर वेळी एक्स्टेंशनची कटकट नाही. यू आर स्टेइंग!"

"येएए!" माहनूरने उडी मारली. "दादी इज स्टेइंग!"

मरियमबींच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. आपण ज्या दाराची कडी काढायला इतके दिवस धडपडत होतो, ती आपणच बाहेरून घातली, हे त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांना रडू नाही, राग आला. स्वतःचा, त्या रेघेचा, आणि समोर सेहरा बांधलेल्या नवरदेवासारख्या खुशीत उभ्या असलेल्या मुलाचा.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

अक्रम त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेला. मरियमबी स्टुलावर बसल्या, अर्धा नारळ खवणीला लावला आणि दांडा फिरवायला लागल्या. "बघ तुझ्या फोनमध्ये."

त्याने पाहिलं. पडद्यावर पावलं पडत होती. आई जागची हलली नव्हती आणि पावलं मात्र झपाझप पडत होती. त्याने एकदा फोनकडे, एकदा खवणीकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या, अजून न उचललेल्या ताटांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सगळं? सगळंच?"

"सगळं. आता तरी कळलं? मला दुबई-बिबई काही मानवली नाही. मी आले तशीच आहे. तुझी रेघ खोटी आहे. मला घरी जाऊ दे."

"अम्मी, मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं..." तो थांबला. हसावं की रडावं हे त्याला ठरवता येईना. मग त्याचा चेहरा बदलला. "पण खवायचं कशाला? चालायचं ना. चालली का नाहीस?"

मरियमबींनी डावा पाय हळूच मागे ओढला. अक्रम खाली बसला, त्याने त्यांच्या सलवारीवरून डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबलं. मरियमबींनी ओठ दाबून धरले, पण डोळ्यांत पाणी आलंच.

"कधीपासून?"

"तुझे अब्बा होते तेव्हापासून."

"मग तर प्रश्नच संपला," अक्रम उठत म्हणाला. "विहीर, वाडी, त्या पायऱ्या. या गुडघ्यावर? नाही. कुठेच नाही जायचं."

रेघ वर गेली तर दुबई मानवली. रेघ खाली आली तर घर झेपणार नाही. मरियमबींच्या तोंडून एक विचित्र हसू बाहेर पडलं. म्हणजे त्यांना घरी पाठवील असा आकडा या पोराच्या यंत्रात कधी नव्हताच. त्यांनी पट्टी सोडली आणि ओट्यावरच्या खोबऱ्यात टाकली.

"तुझ्या अब्बांच्या मागे मी इद्दत पाळली," त्या म्हणाल्या. "दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. पण इद्दतीला शेवट असतो, बेटा. अल्लाने ठरवून दिलेला असतो. तू मला ज्यात बसवलंयस त्याला शेवट कुठे आहे?"

अक्रमने तोंड फिरवलं. त्याने सिंकचा नळ उगाचच घट्ट आवळला.

"मी फोन करत होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"त्या दिवशी. अब्बांना. दुपारी केला, उचलला नाही. परत केला. मला वाटलं वाडीत असतील, झोपले असतील. मी विचार केला, संध्याकाळी बघू. अम्मी, त्यांच्या खिशात वाजत होता तो. नर्मदामावशीला मिस्ड कॉल दिसले. ते जिवंत होते की नव्हते तेव्हा, मला माहीत नाही. मला कधीच कळणार नाही." त्याचा आवाज फुटला. "तू बसलीस ना, सिग्नल गेला ना, की दर वेळी मला तेच वाटतं. मला नाही गं राहवत."

मरियमबींचा सगळा राग ओसरला, आणि तो ओसरल्यावर काय धरून ठेवायचं तेच त्यांना समजेना. इतके दिवस त्यांना वाटत होतं की मुलाने आपल्याला कोंडलंय. तो स्वतःच आत होता, त्यांच्याही आधीपासून. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने अक्रमने डोळे पुसले. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी जबरदस्ती नाही करणार. तुला जायचंय तर जा. काढतो तिकीट."

मरियमबींना क्षणभर आपल्या कानांवर विश्वास बसला नाही. "खरंच?"

"खरंच. फक्त मला आधी जाऊन सगळं सेट करू दे." तो आता सावरला होता, आणि बोलता बोलता त्याला हुरूप आला. "पडवीत एक कॅमेरा. एक स्वयंपाकघरात. वाडीत सिग्नल नाही, तिथे दोन-तीन बूस्टर लावावे लागतील. विहिरीला जाळी, कुलूप लावून. पायरी काढून टाकू, रॅम्प करू. पट्टी तर राहीलच, आणि आमच्याकडे आता याच धाग्यांची सतरंजी बनतेय, ती पडवीत टाकू, म्हणजे तू कुठे बसलीस, किती वेळ बसलीस, मला इथे दिसेल. नर्मदामावशीला पैसे देऊन रात्री झोपायला बोलवू. सिग्नल गेला तर पहिला कॉल तिला, दुसरा तुला..."

तो बोलत होता आणि मरियमबींना ते घर दिसत होतं. पडवीत कॅमेऱ्याचा डोळा. पायरी गेलेली. विहिरीच्या तोंडाला कुलूप. दुधाचं भांडं घेऊन येणारी नर्मदा आता पगारी, आणि दर थोड्या वेळाने विचारणारी, मरियमबी, ठीक आहात ना? मुलगा मनापासून बोलत होता. त्याने ते सगळं केलंच असतं, एकही गोष्ट विसरला नसता.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"काय राहू दे?"

"तिकीट. नको काढूस."

"अगं पण आत्ता तर..."

"त्या घराला हात लावू नकोस. कुलूप आहे ते असू दे. किल्ली नर्मदाकडेच राहू दे." त्यांनी खोबऱ्यातून पट्टी उचलली, ओढणीने पुसली आणि मनगटावरच्या लाल वळावर नीट बसवली. "मी इथे आहे ना, मग झालं. व्हिसाला फोटो लागेल. कधी जायचं ते सांग."

अक्रमच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की तो एकदम लहान दिसायला लागला. त्याने आईला मिठी मारली. का, ते त्याने विचारलं नाही. फोटोवाला मॉलमध्येच आहे, उद्याच जाऊ, गाडीने जाऊ, तुला चालावं लागणार नाही, असं तो सांगत राहिला.